शब्दचर्चा: दवाखान्याच्या फलकावर ‘पुनर्वापर’ लिहावं का?

बोरू: रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात लावायचा मजकूर आहे: ‘शाश्वत आरोग्यसेवेसाठी आम्ही प्लास्टिक साहित्याचा पुनर्वापर करतो.’ पेशंट आणि नातेवाईक वाचणार. ‘शाश्वत’ ठेवावं की ‘पर्यावरणपूरक’?

ओळंबा: ‘शाश्वत’चं नंतर बघू, आधी ‘पुनर्वापर’ काढा. सिरिंज, आयव्ही सेट, कॅथेटर, युरिन बॅग, हातमोजे हे सगळं २०१६च्या जैववैद्यकीय कचरा (दवाखान्यातला कचरा) नियमांनुसार लाल पिशवीत जातं, आणि त्यातलं काहीही कुणी पुन्हा वापरू नये यासाठीच ती पिशवी आहे. सुई वेगळी करून पांढऱ्या, छेद न जाणाऱ्या डब्यात टाकतात. लाल पिशवी सामाईक प्रक्रिया केंद्रावर जाते. तिथे साध्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअस, दर चौरस इंचाला १५ पौंड दाब आणि किमान ६० मिनिटं, मग श्रेडरमध्ये तुकडे. तुकडे पुढे प्लास्टिक वितळवणाऱ्यांकडे जातात. म्हणजे सिरिंज संपली, फक्त प्लास्टिक उरलं. याला ‘पुनर्चक्रण’ म्हणा, ‘रिसायकलिंग’ म्हणा, पण पुनर्वापर नव्हे.

अख्खी सिरिंज भंगारात गेली की ती धुऊन पुन्हा पाकिटात येण्याची वाट मोकळी होते. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात हेपटायटिस बी पसरला तो वापरलेल्या सिरिंजांमुळेच. लोक ‘समोर नवीन पाकीट फोडा’ म्हणतात ते अडाणीपणाने नाही. ती भीती खरी आहे आणि फलकाने तिचा मान राखायला हवा.

चाळणी: सहमत. मात्र ‘पुनर्वापर’ हा शब्दच बाद करू नका. स्टीलचे ट्रे, चिमटे, कात्र्या, शस्त्रक्रियेच्या वेळी पेशंटवर पांघरायचे कापडी ड्रेप्स आणि गाऊन यांना तो चपखल लागतो. अडचण अशी की ‘डिस्पोजेबल म्हणजे स्वच्छ’ हे सुईपुरतं बरोबर असलेलं समीकरण लोक किडनी ट्रेलाही (मूत्रपिंडाच्या आकाराच्या स्टीलच्या ट्रेला) लावतात. म्हणून शब्दांचा क्रम महत्त्वाचा: ‘निर्जंतुक करून पुन्हा वापरतो’. नुसतं ‘पुन्हा वापरतो’ वाचलं की ‘पैसे वाचवताहेत’ असंच मनात येतं.

‘निर्जंतुक’च्या जागी ‘स्वच्छ’ही चालणार नाही. धुतलेली कात्री स्वच्छ असते, निर्जंतुक नसते. उलट, न धुता ऑटोक्लेव्हमध्ये टाकली तर सुकलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ पोचत नाही. कापड ठेवायचा ड्रम गच्च भरला तर वाफ मधल्या कापडापर्यंत पोचत नाही. निर्जंतुकीकरणासाठी गुंडाळलेला पॅक ओला निघाला तर तो परत पाठवायचा, कारण ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. आणि पॅकवर चिकटवलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपबद्दल ‘टेपवर काळ्या रेघा आल्या म्हणजे निर्जंतुक’ असं तर मुळीच लिहू नका. बाहेरची टेप एवढंच सांगते की पॅक यंत्रातून जाऊन आला. आत काय झालं ते पॅकच्या आत ठेवलेल्या, रंग बदलणाऱ्या पट्टीवरून आणि ठरावीक काळाने केलेल्या जिवाणू-चाचणीवरून कळतं.

बोरू: आणि ‘शाश्वत’?

ओळंबा: ‘शाश्वत शेती’ रुळलं आहे, पण दवाखान्याच्या भिंतीवर ‘शाश्वत सेवा’ म्हणजे कायम चालू असलेली सेवा असाच अर्थ लागेल. विशेषण सोडा, कृती सांगा.

चाळणी: ‘घातक कचरा’ हा शब्दही सरसकट नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतला सुमारे ८५ टक्के कचरा साधाच असतो. सगळंच घातक म्हटलं की नातेवाईक जेवणाचे डबे आणि औषधांची खोकी भट्टीत जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत कोंबतात आणि ते सगळं जळतं. त्यात पीव्हीसी प्लास्टिकच्या नळ्या मिसळल्या की डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होण्याचा धोका.

ओळंबा: मग असं करा: ‘सुई आणि सिरिंज प्रत्येकाला नवीन. वापरलेल्या सिरिंजचे तुकडे करूनच प्लास्टिक पुढे जातं. स्टीलची उपकरणं आणि कापड निर्जंतुक करून पुन्हा वापरतो. डबे, खोकी, कागद रंगीत पिशव्यांत टाकू नका.’

चाळणी: ‘रंगीत’ऐवजी ‘पिवळ्या किंवा लाल’ लिहा. पालिकेच्या ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबेही रंगीतच असतात.