तोंडात एकच बोट जातं, जागेपणीच नळी घालणार म्हणतात. बाबा तयार नाहीत

यवतमाळची लेक:
बाबा ५६ वर्षांचे. पित्ताशयात खडे आहेत, पुढच्या बुधवारी नागपुरात दुर्बिणीनं ऑपरेशन ठरलंय. वीसेक वर्षं रोज खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), दिवसाला तीन-चार पन्न्या. आता पोळी वरणात कुस्करून द्यावी लागते. भूलतज्ज्ञ मॅडमनी तोंड उघडायला लावलं तर एक बोट जेमतेम शिरलं. त्या म्हणाल्या, आधी झोपवणार नाही, जागे असतानाच नाकातून दुर्बिणीवर श्वासाची नळी टाकू. हे ऐकून बाबा रात्रभर झोपले नाहीत. ओळखीचा एक दवाखाना म्हणतो, "झोपवूनच करू, काही कळणार नाही." बाबांना तिकडेच जायचंय. काय करू?

भूलवाला, अमरावती:
ताई, तिकडे नेऊ नका. ज्या मॅडमनी तोंड उघडून पाहिलं, त्यांच्याकडेच करा.

या ऑपरेशनात पोट गॅसनं फुगवतात, त्यासाठी स्नायू सैल करणारं औषध द्यावं लागतं. ते दिलं की श्वास थांबतो आणि नळी बसेपर्यंत तो आम्ही मास्कनं द्यायचा असतो. दुखण्यामुळे मिटलेलं तोंड या औषधानं बरेचदा उघडतं. खर्र्यानं मिटलेलं नाही उघडत, कारण गालाच्या आतली त्वचाच चामड्यासारखी आखडलेली असते. मग घसा पाहायच्या लॅरिंगोस्कोपचं पातं शिरत नाही, घशात बसवून श्वास द्यायचा लॅरिंजियल मास्कही शिरत नाही. आधी तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिला तर श्वास थांबल्यावर रक्तातला ऑक्सिजन उतरेपर्यंत धडधाकट माणसाला सात-आठ मिनिटं मिळतात. न देता झोपवलं तर जेमतेम एखादं मिनिट. जाड माणसाला त्याहूनही कमी. जागेपणी मात्र बाबांचा श्वास बाबांचाच चालू राहतो.

मी चोवीस वर्षं विदर्भात भूल देतोय. खर्रेवाल्यांची अशी तोंडं आता तिशीतल्या पोरांमध्ये दिसतात, फार वाईट वाटतं.

यवतमाळची लेक:
पण दुखेल ना? बाबांची भीती तीच आहे.

भूलवाला, अमरावती:
नाकात थेंब आणि बधिर करणारी जेली, घशात लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा, थोडं गुंगीचं औषध. खोकला येईल, डोळ्यांत पाणी येईल, नाकात दाब जाणवेल. कापल्यासारखं दुखत नाही. नळी श्वासनलिकेत गेली आणि मॉनिटरवर बाहेर पडणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची लाट दिसली की लगेच झोपवतात. ती लाट दिसेपर्यंत नळी बसली असं मी कधीच मानत नाही.

ओटी सिस्टर, पुणे:
ताई, मॅडमना विचारा की नळी नाहीच गेली तर पुढे काय. आम्हाला ट्रेनिंगमध्ये इंग्लंडच्या एलेन ब्रॉमिली यांची केस शिकवली होती. वय ३७, २००५ साली सायनसच्या साध्या ऑपरेशनला आल्या. झोपवल्यावर श्वासाची वाट मिळेना. नर्सनं गळ्यातून वाट करण्याचा सेट आणून तयार आहे असं सांगितलं, पण डॉक्टर नळीचेच प्रयत्न करत राहिले. तेरा दिवसांनी त्या गेल्या. त्यांचे पती मार्टिन विमानाचे पायलट. अशा वेळी टीमनं एकमेकांशी कसं बोलावं, यासाठी त्यांनी पुढे संस्था काढली. तेव्हापासून अवघड केसला मी तो सेट ट्रॉलीवर उघडून ठेवते आणि सर्वांना ऐकू जाईल असं सांगते.

यवतमाळची लेक:
बाबांना सगळं वाचून दाखवलं. "श्वास माझाच चालू राहील" हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. नागपूरलाच जातोय. त्यांनी विचारलंय, नळी काढतानाही असंच का?

भूलवाला, अमरावती:
चांगला प्रश्न विचारला बाबांनी. काढतानाही धोका असतो, म्हणून पूर्ण जागे होऊन, सांगितलं तसं डोळे उघडून हात दाबला की मगच काढतात. आदल्या रात्रीपासून जेवण बंद, पाणी कधीपर्यंत ते मॅडम सांगतील. हलणारा दात किंवा कवळी असेल तर आधीच सांगा. सुट्टी होताना, श्वासाची वाट अवघड आहे आणि नळी कशी टाकली, हे लिहिलेली चिठ्ठी मागून घ्या आणि बाबांच्या आधार कार्डासोबत ठेवा. पुढे कधी मध्यरात्री दुसऱ्याच गावात ऑपरेशनची वेळ आली, तर तिथल्या भूलतज्ज्ञाला ती पहिल्यांदा दाखवा.