मदत हवी आहे: सोन्याच्या खाणींचे शेअर्स, ट्रेडिंग करू की धरून ठेवू?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात असतो, हिंजवडीत नोकरी. दागिने, नाणी, गोल्ड ईटीएफ नकोय, प्रश्न फक्त खाण कंपन्यांचा आहे. आपल्याकडे कोलारची खाण 2001 लाच बंद झाली, हट्टीची खाण सरकारी, म्हणून एलआरएसमधून (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) पैसे पाठवून अमेरिकेत एका मोठ्या खाण कंपनीचे शेअर्स आणि थोडं जीडीएक्स (सोन्याच्या खाण कंपन्यांच्या शेअर्सचा ईटीएफ) घेतलं.

आधी शॉर्ट टर्म करून बघितलं, चार ट्रेड केले, सोन्याचा अंदाज बरोबर आला तरी दोनदा निकालाच्या दिवशी शेअर आपटला कारण खाणीचा खर्च वाढलेला, शिवाय तिकडचा बाजार उघडतो आपल्या संध्याकाळी सात-आठला, रोज जागणं जमत नाही आणि नफ्यावर स्लॅबप्रमाणे टॅक्स. 24 महिन्यांनंतर विकलं तर 12.5 टक्केच, म्हणून धरून ठेवावंसं वाटतं. पण 2011 ते 2015 मध्ये सोनं 1900 डॉलरवरून 1050 च्या आसपास आलं तेव्हा जीडीएक्स जवळपास 80 टक्के पडला होता, ती भीती खरंच जात नाही.

रक्कम तीन लाख, पाच वर्षं लागणार नाही, कर्ज काढलेलं नाही. ज्यांनी स्वतः दोन-तीन वर्षं धरलेत त्यांनी प्लीज सांगा, विकायचं कधी हे कशावरून ठरवता, सोन्याच्या भावावरून की कंपनीच्या एका औंसामागच्या खर्चावरून?