इटालियन क्रियापदांना ‘उपांत्य अक्षरावर जोर’ हा नियम नवख्यांना शिकवूच नये

शब्दवेडा:
इटालियनच्या वर्गात सुरुवातीलाच सांगतात, शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर द्या. नामांना ते बऱ्यापैकी लागू पडतं, पण क्रियापदाच्या ‘ते’च्या रूपाशी गाठ पडली की सगळं कोलमडतं. ‘पार्लो’ (मी बोलतो) वरून ‘पार्लानो’ (ते बोलतात), तरी जोर ‘पार्’वरच. ‘आबितो’ (मी राहतो) वरून आ-बि-ता-नो, आणि जोर थेट ‘आ’वर, शेवटून चौथ्या अक्षरावर! शिकणारे हमखास ‘ता’वर आपटतात. हा नियम सोडा, प्रत्येक क्रियापद पहिल्या दिवसापासून आघातचिन्हासकट पाठ करून घ्या.

सुरावट:
अजिबात पटलं नाही. छापील मजकुरात चिन्ह येतं ते जोर शेवटच्या अक्षरावर असेल तरच. ‘पार्लो’च्या शेवटच्या ‘ओ’वर चिन्ह दिसलं तर अर्थ ‘तो बोलला’. बाकी पानभर काही नाही. चिन्हांच्या कुबड्या घेऊन वर्तमानपत्र कसं वाचणार? आधी अक्षरं पाडायला शिकवा. द्वित्त फोडायचं: मेत्-ते-रे. ‘स’ला व्यंजन चिकटलं तर दोन्ही पुढच्या अक्षरात: फि-नी-स्को. मग एवढंच लक्षात ठेवा, ‘मी’च्या रूपात जोर जिथे, ‘ते’च्या रूपातही तिथेच. ‘आम्ही-तुम्ही’त तो प्रत्ययावर जातो: आबित्यामोत ‘त्या’, आबितातेत मधला ‘ता’.

शब्दवेडा:
आणि ‘मी’च्या रूपातला जोर कुठून कळणार? मूळ रूपंही दगा देतात. ‘वेदेरे’त (पाहणे) जोर ‘दे’वर, ‘प्रेन्देरे’त (घेणे) ‘प्रेन्’वर, शेवट मात्र एकच. ‘वालुतो’चा (मी मूल्यमापन करतो) जोर शब्दकोश ‘लु’वर सांगतात, तरी कितीतरी इटालियन ‘वा’वर देतात. अक्षरं पाडून यातलं काहीही हाती लागत नाही.

काना_मात्रा:
आपल्या लोकांचा घोळ वहीतच सुरू होतो. मराठी कानाला लांब स्वर म्हणजे जोर वाटतो. देवनागरीत ‘आबितानो’ लिहिलं की ‘ता’चा काना जोर ओढून घेतो. काना काढावा, तर आपला मोघम ‘अ’ इटालियनमध्ये नाहीच. रोमनमध्येच लिहा आणि जोराच्या स्वराखाली रेघ ओढा.

सुरावट:
वहीतल्या रेघेला हरकत नाही. पण ‘कापितानो’ घ्या. ‘का’वर जोर दिला तर ‘घडतात’, ‘ता’वर दिला तर ‘कप्तान’, आणि दोन्ही छापतात अगदी सारखे. तिथे वाक्य बघूनच ठरवावं लागतं, आणि ती नजर भरपूर वाचूनच येते.

शब्दवेडा:
वाक्य बघून निवडायला दोन्ही उच्चार आधी तोंडात बसलेले हवेत. ते बसवायलाच चिन्हं मागतोय मी.