आई-बाबांसोबत इंग्लंडच्या जुन्या किनारी गावांत दोन रात्री : कोठे जावे?

सांजपाऊल

नमस्कार. आम्ही दोघे लंडनजवळ हॅरोला राहतो. माझे आई-बाबा कोल्हापूरहून अडीच महिन्यांसाठी आले असून सप्टेंबरच्या मध्यावर शुक्रवार ते रविवार असे दोन रात्रींसाठी त्यांना एखाद्या जुन्या किनारी गावी न्यावे असा विचार आहे. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत, त्यामुळे नुसता समुद्र दाखवून त्यांचे समाधान होणार नाही. आईचे माहेर वेंगुर्ल्याचे, म्हणजे समुद्राचे अप्रूप तिलाही नाही. "गार पाण्याचा समुद्र बघायला एवढे पैसे कशाला?" असे तिने आधीच विचारून ठेवले आहे.

अडचणी तीन आहेत. आमच्याकडे गाडी नाही. आईचे गुडघे दुखतात; सपाटीवर ती दोन-तीन किलोमीटर सहज चालते, परंतु पायऱ्या आणि चढ तिला सोसत नाहीत. बाबा पूर्ण शाकाहारी आहेत, आई मात्र मासे आवडीने खाते. माझ्या मनात व्हिटबी, ब्रायटन, हेस्टिंग्ज आणि राय ही चार नावे आहेत आणि शक्य झाल्यास त्यांपैकी तीन तरी पाहावीत अशी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

उत्तरवारा

मी लीड्समध्ये राहतो, तेव्हा माझे मत व्हिटबीकडे झुकणार हे आधीच मान्य करतो. इतिहासाच्या शिक्षकांना न्यायचे असेल तर त्या गावाला तोड नाही. इ. स. ६५७ मध्ये हिल्डा या संन्यासिनीने तेथे मठ स्थापन केला आणि ६६४ मध्ये त्याच मठात भरलेल्या धर्मसभेत ईस्टरचा दिवस रोमच्या पद्धतीने मोजायचा की स्कॉटलंडच्या आयोना बेटावरील मठाच्या, याचा निर्णय झाला. आज कड्यावर उभे असलेले भग्नावशेष त्यानंतरच्या मठाचे आहेत. खाली बंदरात दर्यावर्दी कॅप्टन कुकने तरुणपणी शिकाऊ म्हणून उमेदवारी केली. ज्या घरात तो राहत असे तेथे आता त्याचे संग्रहालय आहे. त्याचे 'एंडेव्हर' हे जहाज मुळात कोळसा वाहण्यासाठी १७६४ मध्ये व्हिटबीतच बांधलेले होते.

मठाकडे जाणाऱ्या प्रसिद्ध १९९ पायऱ्या आईंनी चढण्याची गरज नाही, कारण मागच्या रस्त्याने वाहन मठाच्या दारापर्यंत जाते. खरी अडचण अंतराची आहे. लंडनहून यॉर्कपर्यंतची रेल्वे सुमारे दोन तासांत पोहोचवते, परंतु तेथून पुढे पठारावरून जाणारी बस आणखी दोन तासांच्या वर घेते आणि थेट व्हिटबीला जाणाऱ्या गाड्या दिवसातून मोजक्याच आहेत. अडीच दिवसांतला एक पूर्ण दिवस प्रवासात घालवण्याची तयारी नसेल तर हे गाव चार दिवसांच्या सुट्टीसाठी राखून ठेवावे, असे मी माझ्या मताविरुद्ध जाऊन सांगतो.

बाबांसाठी एक सूचना आवर्जून देतो. यॉर्कशरमध्ये पुष्कळ ठिकाणी बटाट्याच्या चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात. आमच्याकडे आलेल्या एका काकांना हे अर्धा पुडा संपल्यावर कळले आणि पुढचे दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. दक्षिणेकडे बहुधा वनस्पती तेल वापरतात, तरीही कोठेही गेलात तरी मागणी देण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

टेकडीपलीकडे

मी हेस्टिंग्जमध्ये चार वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझ्या मते तुमच्यासाठी हेस्टिंग्ज हाच मुक्काम ठरवावा, दोन्ही रात्री एकाच खोलीत राहावे आणि तेथून रेल्वेने फिरावे. वयस्कर माणसांना घेऊन दर दिवशी सामान बांधणे यासारखी दुसरी शिक्षा नाही.

शुक्रवारी सकाळी लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्थानकाहून निघावे आणि हेस्टिंग्जच्या अलीकडे बॅटल या स्थानकावर उतरावे. १०६६ ची लढाई हेस्टिंग्जच्या नावाने ओळखली जात असली तरी ती हेस्टिंग्जमध्ये झालीच नाही. ती सहा मैल आत, आज ज्याला बॅटल म्हणतात त्या टेकडीवर झाली. नॉर्मंडीहून चढाई करून आलेल्या विजयी विल्यमने तेथे मठ बांधला आणि इंग्रजांचा राजा हॅरल्ड जेथे पडला असे मानत, नेमक्या त्या जागी मुख्य वेदी ठेवली. वेदी आता नाही, जमिनीत बसवलेला एक दगड आहे. रणांगणाची पूर्ण फेरी उंचसखल आहे, पण वरच्या सज्जासारख्या वाटेवरून सगळा उतार दिसतो. बाबांना फेरीला पाठवून आईंनी वर बसावे. नॉर्मन फौजेला कोणता चढ चढून यावे लागले हे तेथे उभे राहिल्यावर जसे समजते तसे नकाशावरून समजत नाही.

हेस्टिंग्जचे स्थानक नव्या गावात आहे आणि ते गाव पाहून तुमची निराशा होईल, हे आत्ताच सांगतो. जुने गाव पूर्वेला, दोन टेकड्यांच्या बेचक्यात आहे. सामान असेल तर टॅक्सी करावी. तेथल्या किनाऱ्याला स्टेड म्हणतात. बंदर नसल्यामुळे मासेमारीच्या होड्या आजही थेट गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या जातात आणि असा ताफा युरोपात इतका मोठा दुसरीकडे नाही. त्यांच्या मागे काळ्या, डांबर फासलेल्या लाकडी खोल्यांची रांग आहे. प्रत्येक खोलीचा पाया आठ-नऊ फूट चौरस, परंतु उंची दोन-तीन मजल्यांची. दुरून पाहिले तर कोणीतरी कपाटे उभी करून ठेवली आहेत असे वाटते. किनाऱ्यावरची जागा अपुरी आणि सुती-तागाची जाळी ओली राहिली तर कुजणार, म्हणून कोळ्यांनी आडवे न वाढता उभे बांधले. उन्हाच्या दिवशी त्या फळ्यांजवळ उभे राहिलात तर डांबराचा वास येतो. वेंगुर्ल्याच्या माणसाला तेथे काही समजावून सांगावे लागणार नाही. कोळ्यांचे छोटे संग्रहालय पूर्वीच्या चर्चमध्ये आहे आणि त्यात १९१२ मध्ये बांधलेली शिडाची एक अख्खी होडी ठेवलेली आहे.

शनिवार रायसाठी ठेवावा. हेस्टिंग्जहून रेल्वेने वीस-एक मिनिटे लागतात, पण गाडी साधारण तासाला एकच असते, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. मध्ययुगात सिंक पोर्ट्स म्हणून हेस्टिंग्ज, न्यू रॉम्नी, हाइद, डोव्हर आणि सँडविच या पाच बंदरांचा संघ होता. वर्षाकाठी पंधरा दिवस सत्तावन्न जहाजे राजाला पुरवायची आणि त्या बदल्यात करमाफी व स्वतःची न्यायालये मिळवायची, असा तो करार होता. राय नंतर त्यात सामील झाले. १२८७ च्या वादळाने शेजारचे जुने विंचेल्सी गाव बुडाले आणि रॉम्नीला मिळणारी नदी रायकडे वळली. म्हणजे एका रात्रीत एका बंदराचे नशीब दुसऱ्याला मिळाले. पुढे गाळ साचत गेला आणि आज समुद्र रायपासून सुमारे तीन किलोमीटर दूर आहे. १२४९ च्या बुरुजावरून, ज्याला इप्र टॉवर म्हणतात, खाली पाहिले की जेथे जहाजे नांगरत तेथे मेंढ्या चरताना दिसतात. बाबांना हे दृश्य दाखवाच.

मर्मेड स्ट्रीट हा रायचा सर्वांत प्रसिद्ध रस्ता असला तरी तो गोट्यांचा आणि तीव्र चढाचा आहे. आईंना त्यावरून नेऊ नये. हाय स्ट्रीटवरून लायन स्ट्रीटने गेल्यास चढ सौम्य आहे आणि चर्च समोरच येते. त्या चर्चचे घड्याळ १५६० च्या दशकाच्या आरंभीचे असून अजून चालते. त्याचा लांबलचक लंबक छतातून खाली थेट चर्चच्या आत झुलत असतो. बाहेरच्या सोनेरी बाहुल्या फक्त पाव तासांचे ठोके देतात, तासाचे नाही. १३७७ मध्ये फ्रेंचांनी गाव जाळून चर्चच्या घंटा पळवल्या, तेव्हा पुढच्याच वर्षी राय आणि विंचेल्सीच्या लोकांनी नॉर्मंडीवर छापा घालून त्या परत आणल्या. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या गोष्टी शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट भावेल.

तिकिटांविषयी एक गोष्ट : तुम्ही चौघे असल्यामुळे ग्रूपसेव्ह ही सवलत मागावी. तीन ते नऊ प्रौढ एकत्र प्रवास करत असतील तर गर्दीच्या वेळा वगळून एक तृतीयांश भाडे कमी होते आणि त्यासाठी कोणतेही कार्ड लागत नाही. रविवारी रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस देण्याचे प्रकार होतात. निघण्याच्या आठवड्यात ते तपासावे.

मीठमोहरी

टेकडीपलीकडे यांच्याशी मी सहमत आहे, परंतु ब्रायटन यादीतून पूर्ण वगळू नये. त्या गावाशी आपले जितके नाते आहे तितके या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कोणत्याही गावाशी नाही. रॉयल पॅव्हिलियन हा घुमटांचा महाल वास्तुविशारद जॉन नॅशने १८१५ नंतर आजच्या रूपात उभा केला. गंमत अशी की तो स्वतः भारतात कधी आला नव्हता. शंभर वर्षांनी, १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत, त्याच महालात पहिल्या महायुद्धातील जखमी भारतीय सैनिकांचे रुग्णालय होते. झुंबरांखाली खाटा मांडलेल्या होत्या आणि निरनिराळ्या धर्मांसाठी स्वयंपाकघरे वेगळी होती. त्यांपैकी मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक राजाच्या हस्ते तेथेच, १९१५ च्या ऑगस्टमध्ये मिळाला. जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत त्यांच्यापैकी त्रेपन्न जणांचे दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झाले आणि त्या जागी १९२१ मध्ये छत्री उभारली गेली. तेथवर वाहन जात नाही, चढण मैलभराहून अधिक आहे, म्हणून आईंसाठी ती योग्य नाही.

पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमदांनी याच गावात स्नानगृह काढून इंग्रजांना चंपी शिकवली आणि दोन राजांचे 'शॅम्पूइंग सर्जन' म्हणून नाव कमावले. त्यांची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे. सावरकरांना १९०९ साली सागराला उद्देशून ती कविता सुचली तोही ब्रायटनचाच किनारा. मराठी शिक्षकाला इतके सांगितले की ते स्वतःच गाडीत बसतील.

मात्र हेस्टिंग्ज, राय आणि ब्रायटन हे तिन्ही अडीच दिवसांत कोंबू नये. हेस्टिंग्जहून ब्रायटन तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे रविवारी ते सहज होईल असे कागदावर वाटते, परंतु महालात निवांत दोन तास हवेत. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकाहून ब्रायटनला तासाभरात जाता येते. तो एक वेगळा दिवस करावा.

राहण्याविषयी सांगते. जुन्या गावांतील गेस्ट हाउस बहुधा दोन-तीनशे वर्षांच्या घरांत असतात आणि त्यांत लिफ्ट नसते. माझ्या सासूबाईंना आम्ही एका ठिकाणी नेले तेव्हा 'समुद्राचे दृश्य' म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची माडी निघाली आणि जिना इतका अरुंद की बॅग आडवी करून न्यावी लागली. तेव्हा खोली तळमजल्यावर आहे का, हे फोनवर विचारून, उत्तर ईमेलवर लेखी मागून घ्यावे. शाकाहारी न्याहारीची सूचनाही तेव्हाच द्यावी, नाहीतर बाबांच्या वाट्याला टोस्ट आणि टोमॅटो येईल. किनारा गोट्यांचा आहे, मऊ वाळूचा नाही, म्हणून घट्ट तळव्याचे बूट घालावेत. चिप्सचा पुडा हातात उघडा धरून चालू नये. तेथील समुद्रपक्षी आपल्या कावळ्यांच्या वरचढ आहेत.

सांजपाऊल

सर्वांचे मनापासून आभार. परवा परत आलो, म्हणून कळवते.

बॅटल, हेस्टिंग्ज आणि राय एवढेच केले. तळमजल्यावरची खोली लेखी मागितल्यामुळे खरोखरच मिळाली. बॅटलला बाबा फेरीला एकटे गेले आणि तासाभराने घामाघूम होऊन परतले. इंग्रजांनी ढालींची भिंत सोडून उताराखाली पाठलाग केला तेथेच ते फसले, हे त्यांनी आम्हाला रात्रीच्या जेवणापर्यंत मीठदाणी आणि चमच्यांच्या साहाय्याने समजावून सांगितले. रायच्या चर्चमध्ये लंबकाखालच्या बाकावर ते इतका वेळ बसले की आमची एक गाडी चुकली.

रविवारी ब्रायटनला जावे असा मोह मला ऐनवेळी झालाच होता, परंतु आई सकाळी सातला उठून एकटीच स्टेडवर गेली होती. तेथे ट्रॅक्टरने होडी वर ओढत होते. आमच्याकडे रापणीला माणसे लागायची, इथे एक यंत्र पुरते, असे ती म्हणाली आणि ते पाहायला तिने आम्हा तिघांनाही बोलावून घेतले. नंतर काळ्या खोल्यांजवळच्या एका दुकानात तिला ताजे बांगडे दिसले. बर्फ घालून, दोन पिशव्यांत बांधून ते घेतले आणि बांगड्यांसकट महाल पाहायला जाणे शक्य नसल्यामुळे आम्ही सरळ लंडनची गाडी धरली. आईने संध्याकाळी हॅरोला तिरफळे नसल्याची तक्रार करत तिखले केले. ब्रायटनसाठी पुढचा शनिवार ठरवला आहे. व्हिक्टोरियाहून सकाळी किती वाजता निघालेले बरे, एवढे मीठमोहरी यांनी सांगावे.