आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्यात, कुणी केलंय का?

चिंचेखालचा | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी नमस्कार, जरा लांबण लागणारे, आधीच सॉरी.

गेल्या महिन्यात गावाकडचं घर झाडायला काढलं (वाईच्या पुढे, डोंगराच्या अंगाला), तर माळ्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ९ कॅसेटी सापडल्या. त्यातल्या ६ वर काकांच्या अक्षरात "आई, ओव्या" आणि १९९१ साल. बाकीच्या ३ लग्नाच्या मंगलाष्टका वगैरे, त्यांचं एवढं काही नाही. आजी जाऊन २७ वर्षं झाली, काका पण गेले, आणि आजीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाहीये, व्हिडिओ तर सोडाच, फोटोच मोजून ४ आहेत आणि त्यातल्या दोनात तिने डोळे मिटलेत.

काकांनी नवा टेपरेकॉर्डर आणला होता तेव्हाची ही गोष्ट. मी लहान होतो पण आठवतंय, ते आजीला म्हणाले ओव्या म्हण, तर ती म्हणाली अशी बसून कशी आठवायची रे, जातं फिरल्याशिवाय तोंडात येत नाय. तोवर आमच्याकडे पीठ गिरणीतूनच यायचं, जातं फक्त डाळी भरडायला. मग काका मूठ मूठ ज्वारी घेऊन बसले, कारण रिकामं जातं फिरवलेलं आजीला चालायचं नाही. आणि खरंच, खुंटा हातात आला तशी ती सुरू झाली, थांबेचना.

तर प्रश्न दोन आहेत. एक, हे घरी नीट कसं करायचं? उत्साहाच्या भरात एक कॅसेट शेजारच्यांच्या जुन्या प्लेअरमध्ये घातली, ४ मिनिटं छान वाजली आणि मग खर्रर्र करून टेप आत गुंडाळली. पेन्सिल घालून परत भरली, पण एका जागी चुरगळलीये.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. आमचा फॅमिली ग्रुप आहे, ४६ माणसं. चुलतभावाला (काकांचाच मुलगा) या ओव्यांचे रील करायचेत, युट्यूबवर पण टाकायचंय. आत्या म्हणते काही गरज नाही, आई काय गावाला ऐकवायला गात होती का. आणि त्या ४ मिनिटांत मी जे ऐकलं त्यात दोन ओव्यांच्या मधे आजी स्वच्छ शब्दांत धाकट्या जावेचा उद्धार करते. त्या धाकट्या आजींची तिन्ही मुलं ग्रुपवर आहेत आणि रोज सकाळी गुड मॉर्निंग टाकतात. काय करावं?

सोल्डर | रविवार, सकाळी ७:०५

पहिली गोष्ट, आता दुसरी कुठलीही कॅसेट कुठल्याही प्लेअरमध्ये घालू नका. हात जोडतो.

जुन्या प्लेअरचे रबरी बेल्ट सैल पडतात नाहीतर चक्क वितळून डांबरासारखे होतात, मग टेप गुंडाळून घेणारं चाक फिरत नाही आणि हेडवरून (टेप वाचणारा भाग) पुढे सरकलेली टेप आत साठत जाते. तुमचं तेच झालंय. प्लेअर आधी एखाद्या सिनेमाच्या फालतू कॅसेटवर तपासा. तीस मिनिटांची एक बाजू अख्खी नीट वाजली तरच पुढे जा. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाच्या काडीने, औषधाच्या दुकानात विचारा नाहीतर ऑनलाइन मिळतं. अत्तर, स्पिरिट, कोलोन असलं काही लावू नका, लोक लावतात.

मग कॅसेट उजेडात धरून खिडकीतून बघा. टेपच्या गुंडाळीवर पांढरी पावडर दिसली तर बुरशी आहे, तुमच्याकडचा पाऊस बघता शक्यता भरपूर. ती कॅसेट बाजूला ठेवा, वाजवली तर बुरशी हेडला आणि तिथून बाकीच्या कॅसेटींना लागते. हेडच्या समोर आत एक फेल्टचा बारीक तुकडा असतो पट्टीवर चिकटवलेला, तो पडलेला असेल तर आवाज पुटपुटल्यासारखा येतो आणि लोकांना वाटतं टेपच खराब झाली. कॅसेटला स्क्रू असतील तर उघडून टेपची दोन्ही चाकं दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात घालता येतात, दहा मिनिटांचं काम आहे पण पंखा बंद करून करा, का ते एकदा केलं की कळेल. चुरगळलेल्या जागी नखाने हलकेच सपाट करा. तुटली असेल तर सेलोटेप नको, त्याचा डिंक कडेने पाझरतो, स्प्लाइसिंग टेप वेगळी मिळते.

वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या. इतकी वर्षं एकाच ताणात बसलेली असते.

आता कॉम्प्युटर. प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून घेता येईल, पण लाइन आउट असलेला डेक कुणाकडे असेल तर उसना आणा. लॅपटॉपला हल्ली एकच भोक असतं आणि त्यात आत जाणारा आवाज माइकचा धरतात, तो मोनो असतो आणि फाटतो. लाइन इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो चालेल कारण काकांचा टेपरेकॉर्डर बहुतेक मोनोच असणार. मोनो वेव्ह फाइल मिनिटाला साधारण ५ एमबी होते, म्हणजे साठ मिनिटांची अख्खी कॅसेट ३०० एमबीच्या आसपास. काहीच नाही हो हे आजच्या काळात. एमपीथ्री नंतर वाटायला करा, मूळ वेव्हच ठेवा.

आणि हो, कॅसेटच्या वरच्या कडेला मागे दोन चौकोनी कप्पे असतात, तिथली प्लास्टिकची जिभली मोडली की त्यावर परत रेकॉर्ड होत नाही. शाबूत असतील तर आजच मोडा.

निवांत_पाटील | रविवार, दुपारी १:२०

एवढं कशाला, करून देणारे असतात की, त्यांना द्यायचं, चार दिवसांनी पेनड्राइव्ह घ्यायचा. रविवार मोकळा.

सोल्डर | रविवार, दुपारी १:३१

पाटील, मी दिलेल्या एकाने वडिलांचं कीर्तन एमपीथ्रीत ६४ केबीपीएसवर करून दिलं आणि वर "क्लीन" करून दिलं. टाळ ऐकू येतात ते पत्रे वाजल्यासारखे. मूळ कॅसेट परत देताना बाहेरचं कव्हर बदललेलं. नको.

खाडीपलीकडची | रविवार, रात्री १०:१५

तांत्रिक मला काही कळत नाही, पण दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. आम्ही रत्नागिरीकडचे, माझे वडील मस्कतला होते ८० च्या दशकात. फोन परवडायचा नाही, तेव्हा तिकडचे लोक पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे, कुणी गावाला निघालं की त्याच्या बॅगेत. एक बाजू त्यांनी बोलायची, ती इकडे ऐकायची, मग दुसऱ्या बाजूवर आईने बोलायचं आणि परत पाठवायची. आमच्याकडे अशा ११ राहिल्यात.

मी त्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि कौतुकाने सगळ्या भावंडांना एकदम लिंक पाठवली. मोठी चूक. एका कॅसेटमध्ये वडील आईला सांगतात की अमक्या भावाला पैसे दिलेत ते परत मागू नको, त्याचं काही खरं नाही. तो काका अजून आहे, ८१ वर्षांचा. त्याच्या मुलीने ऐकलं. वडिलांना जाऊन १२ वर्षं झाली होती आणि आमच्याकडे ३५ वर्षांपूर्वीच्या पैशांवरून भांडण. आई तर माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, म्हणे ते मला बोलले होते, तुम्हाला नाही.

म्हणून सांगते, आधी एकट्याने शेवटपर्यंत ऐका. वहीत मिनिट-सेकंद लिहून ठेवा कुठे काय आहे ते. वाटायला ओव्या तेवढ्या कापून घ्या, पण मूळ फाइल कापू नका, धाकट्या जावेसकट राहू दे.

कोरडवाहू | सोमवार, सकाळी ९:५०

आत्यांचं म्हणणं पटतं पण अर्धं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर गावोगाव सहकाऱ्यांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर, आणि आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर त्यातल्या किती तरी ऐकायला आणि वाचायला मिळतात, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून. मुळशीतल्या बायकांच्या ऐकून बघा, आत्यांना पण ऐकवा, त्यांचं मत बदलेल असं नाही पण त्या सोबत गुणगुणायला लागतील याची खात्री देतो. ओवी म्हणजे पहाटे कुणी ऐकत नसताना म्हटलेली गोष्ट हे खरं, पण त्यातच भाऊ, माहेर, सासू, सीता, विठ्ठल सगळं येतं आणि शेजारच्या घरातून तीच ओवी थोडी बदलून ऐकू यायची. ती कुणा एकीची नसते. पण आवाज एकीचा असतो. म्हणून माझं मत, ओव्या लिहून काढा आणि त्या कुणालाही द्या, आवाजाचं आत्यांना ठरवू दे.

रीलला मात्र माझा विरोध. ३० सेकंदांत ओवी मावेल हो, पण मागे बासरी लावल्याशिवाय तुमचा भाऊ राहणार नाही, लिहून देतो.

चिंचेखालचा | पुढच्या रविवारी, रात्री १२:१०

अपडेट देतो. सगळ्यांचे आभार, सोल्डर भाऊंचे जास्तच.

मित्राच्या सासऱ्यांचा डेक मिळाला. ६ पैकी एकीवर पांढरं आहे ती बाजूला ठेवलीये, बाकी ५ मधल्या ३ उतरवून झाल्या. पहिलीचा आवाज पांघरुणातून आल्यासारखा येत होता, फेल्ट तर जागेवर होतं.

आणि एक गाढवपणा केला तो पण सांगतो. सूंऽऽ असा आवाज फार येतो म्हणून ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन मारलं. आजी मधे श्वास घेते तिथला तुकडा नमुना म्हणून दिला आणि सगळ्यावर लावलं. आवाज एकदम स्वच्छ! खूश होऊन आत्याला फोनवर ऐकवलं तर ती गप्प. म्हणाली आईच आहे, पण कुठे बसलीये ही? मला कळेना. मग मूळ फाइल ऐकली तेव्हा टाळकं सरकलं, जात्याची घरघर गेली होती. सॉफ्टवेअरने जातंच कचरा म्हणून काढून टाकलं.

सोल्डर | पुढच्या सोमवारी, सकाळी ६:५५

हाहा, बरोबरच आहे त्याचं. ते एकसारखा चालणारा आवाज शोधतं आणि तो वजा करतं. आजी श्वास घेतात तेव्हा पण जातं फिरतच असणार, म्हणजे तुम्ही त्याला जात्याचाच नमुना दिलात. अगदी सुरुवातीला, रेकॉर्डिंगचं बटण दाबल्यापासून जातं सुरू होईपर्यंत २-३ सेकंद असतील तर फक्त ते निवडा, त्यात नुसती टेपची सूं असते. आणि ६ डेसिबलच्या वर जाऊ नका, नाहीतर पाण्याखालून बोलल्यासारखं होतं. खरं तर काहीच करू नका असं माझं मत आहे, दोन मिनिटांत कान सरावतात.

पांघरुणाचं सांगतो. हेडशेजारी स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो, ज्या टेपरेकॉर्डरवर भरलं त्याचं हेड आणि तुमच्या डेकचं हेड यांचा तिरकेपणा जुळत नसेल तर "स" आणि "च" बोथट ऐकू येतात. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी केसभर इकडेतिकडे फिरवा, जिथे सगळ्यात धारदार येईल तिथे सोडा. डेक उसना आहे तेव्हा आधी स्क्रूचा फोटो काढून ठेवा, परत देताना होता तसा करा.

चिंचेखालचा | पुढच्या सोमवारी, रात्री ११:३०

स्क्रू फिरवला. काय फरक पडला सांगू, बांगड्या ऐकू येतात हो. खुंटा फिरताना दर फेऱ्याला एकदा. मी लगेच आत्याला फोन लावला, काही न बोलता लॅपटॉपजवळ धरला. ती म्हणाली हां, आता बसली.

आता जे सांगायला जीवावर आलंय ते. तिसऱ्या कॅसेटची दुसरी बाजू. आजी भावाची ओवी म्हणतीये, भाऊ न्यायला आलाय, दारात बैल सोडलेत, आणि दुसरी ओळ उचलणार एवढ्यात खट्, आणि पुढे रेडिओवरची क्रिकेट कॉमेंट्री. भारत-पाकिस्तान, ९ मार्च १९९६, बंगलोरची क्वार्टर फायनल, जडेजा वकारला धुतोय. आणि मागे एक पोरगं किंचाळतंय. ते पोरगं मी आहे.

काकांनी जिभल्या मोडल्या होत्या. मी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती, ती अजून तिथेच आहे, पिवळी पडलेली. तेव्हा आजी जिवंत होती, पडवीत बसलेली असणार. ११ मिनिटं गेली.

खाडीपलीकडची | मंगळवार, सकाळी ८:१०

अहो, १३-१४ वर्षांचं पोर. आमच्या एका कॅसेटवर माझ्या भावाने वडिलांच्या आवाजावर पाढे म्हटलेत. पुढची ओळ आत्यांना येत असेल ना?

चिंचेखालचा | मंगळवार, रात्री १०:४५

विचारलं. आधी मला मनसोक्त शिव्या दिल्या, आजीवरच गेलीये. मग म्हणाली चाल येतीये, शब्द येत नाहीत. स्वयंपाकघरात परात उपडी घालून तिच्यावर हात फिरवत बसली होती म्हणे, सून बघत होती. दीड ओळ आली. म्हणते गावी जाऊ आणि जात्यावर बसून बघू.

भावाला कॉमेंट्रीवाला भाग ऐकवला तर तो म्हणतो हेच रील करू, व्हायरल जाईल. ग्रुपवर सध्या फक्त दोन ओव्या टाकल्यात, आत्याने निवडलेल्या. धाकट्या आजींच्या मोठ्या मुलाने खाली लिहिलंय, आमच्या आईचं काही नाही का रे त्यात. आहे म्हणून कसं सांगू?

निवांत_पाटील | मंगळवार, रात्री ११:०२

जातं आहे का पण अजून?

चिंचेखालचा | मंगळवार, रात्री ११:०९

वरचा दगड मागच्या दारी पायरीला बसवलाय, सिमेंटमध्ये. खालचा शोधतोय.