पावसाळा लागताच एसीला कुबट वास येतो. सर्व्हिसिंग करूनही जात नाही

जुळे सोलापूरकर

नमस्कार. आमचे घर इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. निजायची खोली अंदाजे 120 चौरस फुटांची, त्यात पश्चिमेची भिंत. मे महिन्यात ती भट्टीसारखी तापते, म्हणून दोन वर्षांपूर्वी दुकानदाराच्या सल्ल्याने दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी बसवला. यंदा मार्चपासून मेअखेरपर्यंत त्याची काहीच तक्रार नव्हती. जूनमध्ये दोन पाऊस पडले आणि तेव्हापासून एसी सुरू केला की पहिली पाच-सात मिनिटे, ओले पायपुसणे कोपऱ्यात विसरून राहावे तसा कुबट वास येतो. मग तो कमी होतो. पण खोली गार होऊन कंप्रेसर थांबला की पुन्हा सुरू होतो.

माणूस बोलावून सर्व्हिसिंग करून घेतले. त्याने जाळ्या धुतल्या, समोरून थोडे पाणी मारले आणि जाताना सुवासिक फवारा मारला. आठ दिवस खोलीला मोगऱ्याचा वास होता, नवव्या दिवशी मोगरा आणि कुबटपणा दोन्ही एकत्र येऊ लागले, आणि ते मूळच्या वासापेक्षा वाईट होते. मला न उलगडलेली गोष्ट ही, की जो एसी उन्हाळ्यात दिवसरात्र चालून वास देत नाही, तो पावसाळ्यात रात्री तीन तास चालून कसा देतो?

आणखी एक सांगून ठेवतो. नळाला रोज पाणी येत नसल्याने एसीचे पाणी आम्ही बाल्कनीत बादलीत धरतो आणि फरशी पुसायला वापरतो. त्याचा या वासाशी संबंध असेल का?

गार हवा

मी गेली अनेक वर्षे एसी दुरुस्तीचे काम करतो. बादलीचा उल्लेख आपण शेवटी केला असला, तरी तिच्याकडे मी परत येणार आहे.

आधी मूळ प्रश्न. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचे पाणी होऊ लागते) बऱ्याचदा कूलिंग कॉइलच्या, म्हणजे आतल्या युनिटमधल्या गार नळ्यांच्या, तापमानाच्या आसपास किंवा त्याखालीच असतो. त्यामुळे कॉइलवर पाणी जेमतेम धरते, आणि वाऱ्याबरोबर आलेली धूळ अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत व ब्लोअरच्या (आतल्या पंख्याच्या) पात्यांत कोरडीच साचत जाते. कोरड्या धुळीला वास नसतो. जूनमध्ये हवा दमट झाली की त्याच कॉइलवरून पाण्याचे ओघळ वाहू लागतात आणि तीन महिन्यांची धूळ, त्यातले त्वचेचे कण, उदबत्तीची काजळी, फोडणीचा तेलकट धूर हे सगळे भिजते. अंधार, ओल आणि खाद्य एकत्र आल्यावर बुरशी आणि जिवाणू वाढायला फार दिवस लागत नाहीत. वास त्यांचा आहे. पाऊस केवळ निमित्त झाला.

दुसरे कारण यंत्राच्या आकाराचे आहे. पश्चिमेच्या भिंतीसाठी दुकानदाराने दीड टन सुचवले ते मे महिन्याच्या हिशेबाने योग्यच होते, परंतु मे महिन्यासाठी घेतलेले यंत्र जुलैत मोठे पडते. बाहेर 27 अंश असताना ते खोली चटकन गार करते आणि कंप्रेसर थांबतो किंवा अगदी मंद होतो. पंखा मात्र फिरतच राहतो. कॉइलवरचे जे पाणी नळीवाटे बाहेर जायला हवे होते, ते त्या वाऱ्याने सुकून पुन्हा खोलीतच येते आणि आपल्याबरोबर वास आणते. आपल्याला कंप्रेसर थांबल्यावर वास येतो, त्याचे कारण हे आहे. म्हणून पावसाळी रात्री तापमान 18 वर आणून ठेवण्यापेक्षा ड्राय मोड वापरावा. त्यात पंखा मंद असतो आणि गारव्यापेक्षा ओल काढण्यावर भर असतो.

आता सर्व्हिसिंगचे. समोरून पाणी मारले म्हणजे कॉइलचा वरचा भाग धुतला गेला. वासाचे खरे घर बहुधा त्यामागे असते: ब्लोअरच्या लांबट दंडगोलाच्या प्रत्येक पात्यावर काळपट थर बसतो आणि खाली पाणी गोळा करणाऱ्या ड्रेन ट्रेमध्ये बुळबुळीत साय धरते. एसी बंद करून, पुरवठ्याचा मुख्य खटका पाडून, गार वारा बाहेर सोडणाऱ्या पट्ट्या उघडा आणि आत बॅटरी मारून पाहा. पात्यांवर काळे ठिपके दिसले तर ब्लोअर बाहेर काढून ब्रशने धुणे हाच उपाय आहे. युनिटखाली पाणी धरणारी पिशवी बांधून, विजेचे भाग झाकून, मंद दाबाच्या पंपाने कॉइल धुवायला सांगा. जोरदार फवाऱ्याने पत्र्या वाकतात. बोअरचे जड पाणी वापरले तर पत्र्यांवर क्षारांचा पांढरा थर राहतो, तेव्हा नळाचे पाणी दोन बादल्या बाजूला काढून ठेवावे. आम्ल, ब्लीचिंगचे पाणी किंवा फिनेल कॉइलवर कोणालाही मारू देऊ नका. सुवासिक फवारा तर नकोच. त्याचा चिकट अंश पात्यांवर राहतो आणि पुढची धूळ त्यावर अधिक पक्की बसते.

आणि बादली. नळीचे टोक तिच्या पाण्यात बुडालेले असते का? तसे असेल तर नळीत हवा अडकते, पाणी ट्रेमध्ये तुंबते आणि नळीच्या आत शेवाळ धरते. टोक पाण्याच्या वर मोकळे असले पाहिजे आणि नळीला ट्रेपासून टोकापर्यंत उतार हवा, मध्ये कुठेही पोट नको. काही जण नळी थेट मोरीच्या किंवा गटाराच्या जाळीत सोडतात. ते याहून वाईट, कारण चालू ब्लोअरची ओढ ट्रेपर्यंत पोहोचते आणि गटाराचा वास नळीवाटे वर चढतो.

पूर्व भाग

आमच्या घराला लागून यंत्रमागाचा कारखाना आहे, म्हणून माझा अनुभव जोडतो. इकडे धुळीबरोबर सुताचा बारीक तूसही उडतो. आठ दिवसांनी जाळी काढली तर तिच्यावर करड्या फ्लॅनेलच्या कापडासारखा अखंड थर सोलून निघतो; तो ओला झाला की वाळता वाळत नाही. पंधरा दिवसांनी जाळी धुवा असा सल्ला देतात, तो मोकळ्या वस्तीत पुरत असेल, आमच्याकडे उन्हाळ्यात आठवड्याला जाळी धुवावी लागते. धुतलेली जाळी सावलीत पूर्ण वाळवूनच बसवावी. उन्हात टाकली तर तिची चौकट वेडीवाकडी होते आणि फटीतून तूस आत जातो.

थोडे विषयांतर क्षमस्व, पण ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दच मुळी कापड गिरण्यांतला आहे. अमेरिकेतील स्टुअर्ट क्रेमर यांनी 1906 साली तो वापरला, तो सूत तुटू नये म्हणून गिरणीच्या हवेत ओल राखण्याच्या संदर्भात. त्याआधी, 1902 मध्ये, विलिस कॅरियर यांनी यंत्र बनवले ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगू नये म्हणून. दोघांचाही झगडा ओलीशी होता. आपण मात्र रिमोटवर फक्त अंश पाहतो.

होटगी रोड

एसीतील घाणीमुळे लीजनेअर्स नावाचा न्यूमोनिया होतो असे वाचले. घरात लहान मूल आहे. काळजी करावी का? आणि इनडोअर युनिटमध्ये कापराची पुडी ठेवली तर चालेल का?

गार हवा

तो आजार 1976 मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलातील अधिवेशनानंतर प्रथम ओळखला गेला. त्याचे जिवाणू मोठ्या इमारतींचे कूलिंग टॉवर (एसीचे पाणी उडवून गार करणारे मनोरे), गरम पाण्याच्या टाक्या अशा साठलेल्या कोमट पाण्यात वाढतात आणि तुषारांतून पसरतात. घरच्या स्प्लिट एसीला तसला टॉवर नसतो, त्यामुळे ती भीती इथे लागू नाही. बुरशीच्या कणांनी शिंका, खोकला किंवा दमा मात्र वाढू शकतो. मुलाला तसा त्रास असेल तर डॉक्टरांना दाखवावे आणि यंत्र आधी धुऊन घ्यावे. कापराने वास झाकला जातो, ओल तशीच राहते.

एक वेगळी सूचना: वास कुबट नसून जळक्या रबरासारखा असेल, तर काही न तपासता मुख्य खटका पाडावा आणि एसी पुन्हा सुरू करू नये.

जुळे सोलापूरकर

उशिरा कळवतो आहे. दुसऱ्या कारागिराला बोलावून ब्लोअर बाहेर काढायला लावला. पांढरा समजत होतो तो दंडगोल मुळात काळ्या रंगाचा होता; त्याला पांढरेपणा आला होता तो धुळीचा. पिशवीतून पहिली बादली उतरली ती चहाच्या रंगाची, तिसरी स्वच्छ. नळीचे टोक खरोखरच बादलीत बुडालेले होते. फुंकर मारल्यावर त्यातून बोटभर लांबीचा हिरवट, शेवयांसारखा गोळा निघाला. आता झोपेतून उठल्यावर रिमोटवरून पंखा वीस मिनिटे चालवतो आणि मगच एसी बंद करतो. पूर्वी मी भिंतीवरचा खटकाच दाबत असे. त्यामुळे यंत्राची आपोआप आतून वाळण्याची सोय कधी चाललीच नव्हती, हे कारागिराने दाखवून दिले. तीन आठवडे झाले, वास नाही.

नळी वर घेतल्यापासून रात्री बादलीत पाणी टपटपते आणि आईची झोप मोडते, म्हणून बादलीत एक जुना टॉवेल टाकून ठेवला आहे.

गार हवा

टॉवेल काढून टाका, दोन दिवसांत तोच कुबट होईल. नळीचे टोक बादलीच्या आतल्या कडेला, वरच्या बाजूस टेकवून सुतळीने बांधा. पाणी कडेवरून आवाज न करता ओघळेल. बादली मात्र रोज सकाळी रिकामी करा, डास होऊ नयेत म्हणून.