पावसाळ्यात एकट्यानं नेपाळ : माहीत असेल ते सांगा

गोकुळपेठकर
काल शेजारच्या गच्चीवर ओली सॅक वाळत घातलेली होती. त्या कुबट वासानं पावसाळ्यातलं नेपाळ आठवलं, म्हणून धागा काढतो. जुलै-ऑगस्टमध्ये नेपाळ बंद असतं हा समज आधी काढून टाका. पोखऱ्याजवळच्या लुमलेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे नागपूरच्या जवळपास पाचपट. पण ढग अन्नपूर्णा-धौलागिरीला अडतात. त्यामुळे मागच्या बाजूचं मुस्तांग आणि वरचं मनांग कोरडं राहते. पावसाळ्यात एकट्यानं जायचं तर तिकडेच. धोका डोंगरापेक्षा तिथवर नेणाऱ्या रस्त्यात आहे.

बर्डीवाला
रस्त्याचं अगदी बरोबर. मुस्तांगकडे, बेनीहून जोमसोमला जाताना तातोपानी ते घासा हा पट्टा सगळ्यात वाईट. दरड आली की गाडी अलीकडे थांबते, माणसं पायी पलीकडे जातात आणि तिकडची गाडी धरतात. म्हणून सॅक टपावर द्यायचीच नाही, मांडीवर ठेवा. दरड ओलांडताना आधी दोन मिनिटं उभं राहून वर पाहा. बारीक खडे घरंगळत असतील तर थांबा, मोठे त्यांच्यामागून येतात. रात्रीची बस तर नाहीच. जुलै २०२४ मध्ये सिमलतालला पहाटे दोन बसेस दरडीसोबत त्रिशूली नदीत गेल्या.

वैदर्भी
काकूंचा मुक्तिनाथचा बेत चालू आहे, त्या एकट्याच जाऊन राहिल्या. पोखऱ्याहून जीपनं एका दिवसात होते म्हणतात, खरं का?

मानेवाड्याचा भाऊ
होते जी, पण करू नका. पोखरा सव्वाआठशे मीटरच्या आसपास, मुक्तिनाथ ३७०० च्या वर. एका दिवसात एवढं चढलं की रात्री डोकं ठणकणं, मळमळ, झोप नाही. मार्फा किंवा जोमसोमला २७०० च्या आसपास एक रात्र काढा, मग वर जा. दर्शन झालं की मुक्कामाला खालीच या. ३००० च्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. उंची बाधू नये म्हणून डायमॉक्सची गोळी १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ घेतात, पण डॉक्टरला विचारूनच, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तसं आधी सांगायचं. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी दम लागला तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच खाली उतरायचं. एकट्या माणसाला आपला तोल जातोय हे कळत नाही, म्हणून लॉजवालीला संध्याकाळीच सांगून ठेवा, "सकाळी दार वाजवजो बाई."

वैदर्भी
धन्यवाद भाऊ. काकूंना हे मोठ्या अक्षरात लिहून देते.

ट्रेकवेडी_धंतोली
जळवांबद्दल कोणीच नाही बोललं! २५०० च्या खाली, घांद्रुक-घोरेपानीच्या जंगलात खूप. बुटाच्या लेसच्या भोकातून सुतासारखी बारीक आत शिरते आणि मोज्याच्या शिवणीपाशी फुगून बसते. ओढायची नाही. बारीक टोकाकडे तोंड असते, तिथे नख आडवं सरकवा, सुटते. अंगावर चिकटलेलीवर मीठ टाकू नका, पोटातलं जखमेत ओकते. मिठाची पुरचुंडी काठीला बांधा, बुटावर चढणाऱ्या जळवेला ती लावली की गळून पडते. नंतर रक्त तासभर वाहू शकते, घाबरायचं काम नाही. धुवा, पट्टी दाबून बांधा.

आणि सॅकच्या बाहेरच्या कव्हरवर विसंबू नका, पाणी पाठीकडून आत उतरते. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पिळून दुमडा. जंगलात रेनकोटपेक्षा छत्री बरी. रेनकोटात घामानंच भिजतो माणूस.

बर्डीवाला
छत्री कागबेनीला मात्र नाही चालत! कालीगंडकीच्या खोऱ्यात दहा-अकरा वाजता वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत. विमानंही सकाळीच उडतात. पहाटे चालायला लागा, अकराच्या आत लॉज गाठा.

खादाड_महाल
सांबारवडी टिकते का हो प्रवासात?

ट्रेकवेडी_धंतोली
दुसऱ्या दिवशी नरम पडते, तिसऱ्या दिवशी वास येते. भाजलेल्या पोह्याचा चिवडा न्या, कांदा न घालता. तिकडे डाळभात मिळतोच, भात-डाळ पुन्हा वाढतात. ऑफ-सीझनला एका गिऱ्हाइकासाठी चूल पेटवतात, तेव्हा पोचल्यापोचल्या जेवण सांगून ठेवा, तासभर लागतोच.

खादाड_महाल
मार्फ्याची वाळलेली सफरचंदं आणाल कोणी तर सांगा, मी घ्यायला येतो 🙏

गोकुळपेठकर
हिवाळ्याचंही लिहितो. जानेवारीत 'थोरांग ला' या खिंडीच्या (५४१६ मी.) आजूबाजूचे वरचे लॉज बरेचदा बंद, वाटेवर बर्फ, आणि पुढे पावलांचे ठसे नसतात. एकट्यानं नकोच. अन्नपूर्णा बेसकॅम्पला देउरालीच्या आसपास हिमस्खलनाचा पट्टा आहे, जानेवारी २०२० मध्ये तिथे सात जण गेले. ताजा बर्फ पडला असेल तर खालच्या गावात दोन दिवस बसून राहा. सीझनमध्येही हवामान पाहाच. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांत थोरांगवर बर्फ कोसळला, चाळीसच्या वर माणसं गेली. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की तीन-चार दिवस खिंड धरू नका.

मानेवाड्याचा भाऊ
नागपूरहून राप्तीसागर एक्स्प्रेस थेट गोरखपूर. तिथून बसनं सोनौली, पायी सीमा ओलांडा. विमानानं गेलात तर १५ ते ६५ वयाला आधार चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पाहिजे. दर ठरलेला, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. भाव ऐकला की "आयसी की एनसी" विचारा, आयसी म्हणजे आपला रुपया. रोख रक्कम जोमसोमच्या आधीच भरपूर काढा. एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरांना गाईडचा नियम आहे, तेव्हा परमिट काढतानाच तुमच्या वाटेला तो लागतो का ते विचारा.

वैदर्भी
काकूंचं एकच विचारणं आहे, बस चुकणार तर नाही ना?

मानेवाड्याचा भाऊ
सीमा ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायला सांगा. तिकडची सहाची बस म्हणजे आपले पावणेसहा.